त्या संशोधनाचे पुढे काय झाले?

१९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लंडनमधील २८३ गरोदर स्त्रियांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. या सर्व जणींना प्री-एक्लाम्प्सियाचा, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब वाढून लघवीतून प्रथिने जाण्याच्या विकाराचा, धोका इतरांपेक्षा अधिक होता. निम्म्या जणींना क आणि ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या देण्यात आल्या, तर उरलेल्यांना तशाच दिसणाऱ्या, पण ती जीवनसत्त्वे नसलेल्या गोळ्या. या दुसऱ्या गटात १७ टक्के स्त्रियांना हा विकार झाला आणि जीवनसत्त्वे घेणाऱ्या गटात केवळ ८ टक्के. कोणाला काय मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे नशिबावर सोडलेले होते, अभ्यास नावाजलेल्या रुग्णालयांतला होता आणि नियतकालिकही पहिल्या पंक्तीचे होते. मला त्या वेळी कोणी विचारले असते, तर मी या निष्कर्षावर बिनदिक्कत विश्वास ठेवण्यास सांगितले असते.

सात वर्षांनी, २००६ साली, त्याच संशोधकांपैकी काहींनी हाच प्रश्न २,४०० हून अधिक स्त्रियांना सहभागी करून पुन्हा विचारला. या वेळी विकाराचे प्रमाण जीवनसत्त्वांच्या गटात १५ टक्के आणि दुसऱ्या गटात १६ टक्के आले, म्हणजे फरक उरलाच नाही; उलट कमी वजनाची बाळे जीवनसत्त्वांच्या गटात अधिक जन्मली, २८ टक्के विरुद्ध २४ टक्के. पुढे २०१० मध्ये अमेरिकेत पहिलटकरीण असलेल्या सुमारे १०,००० स्त्रियांवरही चाचणी झाली आणि तिथेही काही लाभ दिसला नाही. पहिल्या अभ्यासात कोणतीही लबाडी नव्हती. एका गटात २४ आणि दुसऱ्यात ११ अशा आकड्यांवर तो उभा होता, आणि इतक्या लहान आकड्यांत पाच-सात जणी योगायोगाने इकडच्या तिकडे झाल्या, तरी टक्केवारी केवढी तरी हलते.

मी सोलापुरातील एका महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते. मी डॉक्टर नाही, त्यामुळे कोणी कोणती गोळी घ्यावी हे सांगण्याचा मला अधिकार नाही आणि या लेखातून ते कोणी शोधूही नये. मात्र नात्यातल्या आणि ओळखीतल्या मुली गरोदर राहिल्या की त्या मला पत्रकांचे फोटो पाठवतात आणि खाली लिहितात, “मावशी, हे खरं असेल का गं?” या प्रश्नाचे जे उत्तर मी देत आले आहे, ते येथे सविस्तर मांडते. एखादा अभ्यास विश्वासार्ह आहे की नाही, हे केवळ तोच अभ्यास पुन्हा पुन्हा वाचून पुरतेपणी कळत नाही. तोच प्रश्न पुढे अधिक मोठ्या आणि अधिक काटेकोर अभ्यासात विचारला गेला का आणि विचारला गेला असल्यास काय उत्तर आले, हे पाहावे लागते.

गेल्या महिन्यात भाचीने पाठवलेले एक पत्रक याला चांगले उदाहरण ठरेल. कागद गुळगुळीत होता, त्यावर पोटावर हात ठेवलेल्या स्त्रीची रेखाकृती होती आणि फॉलिक ॲसिडच्या जागी मिथाइलफोलेट, म्हणजे त्याच ब-गटातील जीवनसत्त्वाचे दुसरे रूप, असलेली गोळी ‘अधिक प्रभावी’ असल्याचा दावा होता. शेजारी दोन स्तंभांचा आलेख होता. भिंग घेऊन पाहिल्यावर लक्षात आले की उभ्या रेषेवरची मोजणी शून्यापासून सुरू न होता मधूनच सुरू झालेली आहे, त्यामुळे थोडासा फरक दुपटीएवढा दिसत होता. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते स्तंभ बाळांविषयी नव्हतेच. गोळी घेतल्यावर आईच्या रक्तात फोलेट, म्हणजे हेच जीवनसत्त्व, किती वाढले, एवढेच त्यात दाखवलेले होते. रक्तातील पातळी वाढणे ही उपयोगाची माहिती आहे, परंतु बाळाच्या मज्जारज्जूतील व्यंग टळणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि ते टळल्याचा चाचणीतून मिळालेला पुरावा फॉलिक ॲसिडच्या बाजूने आहे. मिथाइलफोलेटची तशी चाचणी झालेली नाही. ‘तुमच्या शरीरात अमुक जनुक असेल तर साधे फॉलिक ॲसिड लागू पडत नाही’ असेही हल्ली सांगितले जाते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने याबाबत स्पष्ट म्हटले आहे की फोलेटच्या वापराशी संबंधित एमटीएचएफआर या जनुकाचे ते रूप असलेल्या व्यक्तींचे शरीरही फॉलिक ॲसिड वापरू शकते. पत्रक खोटे बोलत नव्हते, असे मी भाचीला सांगितले. विचारलेल्या प्रश्नाऐवजी भलत्याच प्रश्नाचे उत्तर ते देत होते.

फॉलिक ॲसिडची कथा मात्र मुळापासून सांगण्यासारखी आहे, कारण तिथे पहिला दुबळा अभ्यास बरोबर निघाला. तिची सुरुवात आपल्याच राज्यात झाली. १९२० च्या दशकाच्या अखेरीस लुसी विल्स ही ब्रिटिश डॉक्टर मुंबईत आली आणि कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांमधील तीव्र रक्तक्षयाचा अभ्यास करू लागली. यीस्टच्या अर्कातील काही घटकाने हा रक्तक्षय बरा होतो, हे तिने १९३१ साली प्रसिद्ध केले. तो घटक पुढे फोलेट म्हणून ओळखला गेला. (गिरणगाव म्हणवणाऱ्या सोलापुरात हे फारसे कोणाला ठाऊक नसते, याचे मला नेहमीच नवल वाटते.) नंतर इंग्लंडमध्ये रिचर्ड स्मिथेल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळाच प्रश्न घेतला: ज्या स्त्रीच्या आधीच्या बाळाला न्यूरल ट्यूबचे, म्हणजे मेंदू व मज्जारज्जूचे, जन्मजात व्यंग होते, तिला गर्भधारणेच्या आधीपासून जीवनसत्त्वे दिल्यास पुढच्या बाळाचे व्यंग टळेल का? १९८० साली त्यांनी दिलेले आकडे डोळे दिपवणारे होते. गोळ्या घेतलेल्या १७८ जणींमध्ये १ बाळ व्यंग असलेले, तर न घेतलेल्या २६० जणींमध्ये १३.

तरीही अनेक तज्ज्ञांनी ते मान्य केले नाही, आणि त्यांचा आक्षेप रास्त होता. नैतिकता समित्यांनी चिठ्ठ्या टाकून गट पाडण्यास परवानगी नाकारल्यामुळे ज्या स्त्रिया आधीच गरोदर होऊन आल्या किंवा ज्यांनी गोळ्या घेण्यास नकार दिला, त्यांनाच तुलनेसाठी धरावे लागले होते. या दोन गटांतील स्त्रिया मुळातच वेगळ्या असू शकतात. सोलापुरातले उदाहरण घेतले तर हे चटकन पटेल. होटगी रस्त्यावरच्या एखाद्या सदनिकेतली मुलगी मेडिकलमधून महागडी बहुजीवनसत्त्व गोळी आणते, आणि पूर्वभागात विडी वळणारी मुलगी आशाताईने दिलेली लोह आणि फॉलिक ॲसिडची लाल गोळी घेते, कधी मळमळते म्हणून घेतही नाही. पहिलीचे बाळ अधिक वजनाचे जन्मले, तर त्याचे श्रेय गोळीला द्यायचे, की लहानपणापासून मिळालेल्या दुधाला, पहिल्याच महिन्यात झालेल्या तपासणीला, की तंबाखूची धूळ छातीत न गेल्याला? नुसते निरीक्षण करून केलेल्या अभ्यासात संशोधक शिक्षण, उत्पन्न, वय यांचा हिशेब लावून हा भेद पुसण्याचा प्रयत्न करतात, पण ज्या गोष्टीची नोंदच घेतलेली नाही तिचा हिशेब लावता येत नाही. ‘गोळ्या घेणाऱ्या मातांची मुले अधिक हुशार’ अशा धाटणीच्या बातम्या बहुतेक वेळा याच जातीच्या अभ्यासांवर बेतलेल्या असतात, आणि त्या वाचताना मी सर्वांत आधी गट कसे पाडले हे शोधते.

स्मिथेल्स यांच्या प्रश्नाचे निर्णायक उत्तर ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने १९९१ मध्ये दिले. सात देशांतील ३३ केंद्रांमध्ये चिठ्ठ्या टाकून गट पाडण्यात आले. फॉलिक ॲसिड मिळालेल्या ५९३ गर्भधारणांमध्ये ६ बाळांना, तर न मिळालेल्या ६०२ मध्ये २१ बाळांना हे व्यंग आढळले, म्हणजे धोका ७२ टक्क्यांनी कमी झाला. येथे दोन गोष्टी नीट पाहिल्या पाहिजेत. ‘७२ टक्के’ हा आकडा मोठा दिसतो, पण त्याचा अर्थ सुमारे साडेतीन टक्क्यांचा धोका एक टक्क्यावर आला असा आहे, आणि तोही ज्यांच्या आधीच्या बाळाला हे व्यंग होते अशाच स्त्रियांमध्ये, दिवसाला ४ मिलिग्रॅम एवढ्या मोठ्या मात्रेने. ज्यांना पूर्वी असा अनुभव नाही त्यांच्याविषयीचे उत्तर १९९२ मध्ये हंगेरीतून आले. तिथे ०.८ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड असलेल्या बहुजीवनसत्त्व गोळीच्या गटात एकही बाळ व्यंगाचे नव्हते, तर दुसऱ्या गटात ६ होती, आणि दोन्ही गटांत दोन हजारांहून अधिक स्त्रिया होत्या. दुसरी गोष्ट वेळेची. गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत न्यूरल ट्यूब मिटते. पाळी चुकल्याचे लक्षात येऊन, घरच्यांना सांगून, दवाखान्यात नाव नोंदवेपर्यंत ही मुदत बहुधा उलटून गेलेली असते, म्हणून तिसऱ्या महिन्यापासून सुरू केलेल्या फॉलिक ॲसिडने या व्यंगाबाबत उपयोग झाला नाही असे एखाद्या अभ्यासात आढळले, तर तो दोष फॉलिक ॲसिडचा नव्हे.

भारतातही इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्चने अशीच चाचणी सुरू केली होती. ब्रिटनचा निकाल आल्यावर निम्म्या स्त्रियांना फॉलिक ॲसिडपासून वंचित ठेवणे अयोग्य ठरले असते, म्हणून ती मध्येच थांबवावी लागली. तोपर्यंतचे व्यंगाचे आकडे फॉलिक ॲसिड न मिळालेल्यांत सुमारे ७ टक्के, तर मिळालेल्यांत ३ टक्के असे होते, मात्र स्त्रियांची संख्या कमी असल्याने हा फरक संख्याशास्त्राच्या रूढ उंबरठ्याच्या किंचित अलीकडे राहिला. एकट्या या अभ्यासावरून कोणी ‘भारतीय स्त्रियांना फॉलिक ॲसिडचा उपयोग नाही’ असे म्हटले, तर माझ्या वर्गातील दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थीही त्याला अडवील, अशी मला आशा आहे.

अ जीवनसत्त्वाची गोष्ट याच्या उलट दिशेने गेली. १९९९ मध्ये नेपाळच्या तराईतील एका मोठ्या चाचणीत अ जीवनसत्त्व किंवा बीटा कॅरोटीन (ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवते) घेणाऱ्या स्त्रियांमध्ये गरोदरपणाशी निगडित मृत्यू ४४ टक्क्यांनी कमी आढळले. अभ्यास लहान नव्हता आणि गटही चिठ्ठ्या टाकूनच पाडले होते. तरीही घानामध्ये २०१० साली दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर आणि २०११ मध्ये बांगलादेशात सुमारे ६०,००० गर्भवतींवर हाच प्रयोग झाला, तेव्हा मृत्यू कमी झाले नाहीत. नेपाळच्या त्या भागात गरोदर स्त्रियांना रातांधळेपणा होण्याइतकी या जीवनसत्त्वाची उणीव होती, आणि कदाचित तिथे लाभ खराही असेल. जागतिक आरोग्य संघटना आज ही उणीव गंभीर असलेल्या भागांतच गर्भवतींना ते देण्याची शिफारस करते, आणि तीही रातांधळेपणा टाळण्यासाठी. प्राणिजन्य स्वरूपातील अ जीवनसत्त्वाचा अतिरेक गर्भाला अपाय करू शकतो, त्यामुळे ‘घेतले तर नुकसान काय’ हा आपल्याकडचा लाडका युक्तिवाद येथे लागू होत नाही.

अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष एकट्या अभ्यासापेक्षा भक्कम असतो, असे मी वर्गात शिकवते. ड जीवनसत्त्वाने त्या शिकवण्याला एक मोठी तळटीप जोडली. कॉक्रेन ही संस्था वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित परीक्षण करते आणि तिचा शब्द मोलाचा मानला जातो. २०१९ च्या परीक्षणात ३० चाचण्या एकत्र करून तिने म्हटले होते की गरोदरपणात ड जीवनसत्त्व दिल्यास प्री-एक्लाम्प्सिया आणि गरोदरपणातील मधुमेह बहुधा कमी होतो. २०२४ मध्ये हे परीक्षण पुन्हा झाले, तेव्हा प्रत्येक चाचणीची आधी विश्वासार्हतेची छाननी करण्यात आली: चाचणी सुरू होण्याआधी तिची नोंदणी झाली होती का, दोन गट सुरुवातीला संशय यावा इतके सारखे आहेत का, महिनोन्‌महिने चाललेल्या अभ्यासातून एकही स्त्री गळली नाही हे संभवते का. या छाननीत आधीच्या २१ चाचण्या बाद झाल्या, एक नवी धरून एकूण १० उरल्या, आणि त्या दोन्ही विकारांबाबतचा पुरावा ‘अत्यंत अनिश्चित’ ठरला. बाद झालेली प्रत्येक चाचणी बनावट होती असा याचा अर्थ नाही; तिच्यावर भार टाकता येईल इतकी खात्री पटली नाही, एवढाच आहे.

‘गट फारच सारखे असणे’ हा दोष कसा, असा प्रश्न पडेल. प्रात्यक्षिकात मी विद्यार्थ्यांना नाणे शंभर वेळा उडवून छाप-काटा लिहून आणायला सांगते, आणि ज्यांनी नाणे न उडवता घरी बसून वही भरली ते मला दोन मिनिटांत सापडतात, कारण त्यांच्या वहीत सलग सहा वेळा छाप कधीच येत नाही. खरे नाणे असे लहरी वागते आणि खरी माणसेही तशीच वागतात: कोणी माहेरी निघून जाते, कोणी दवाखाना बदलते, कोणाचे वजन नोंदवायचेच राहते. ज्या अभ्यासाच्या तक्त्यात अशी एकही सुरकुती नाही, तो मी बाजूला ठेवते. भारतातील चाचण्यांची नोंद ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ येथे २००७ पासून होते आणि २००९ पासून ती बंधनकारक आहे. ही नोंदवही कोणालाही पाहता येते. आरंभी काय मोजणार असे लिहिले होते आणि शेवटी काय छापले, हे ताडून पाहण्यासाठी वैद्यकीय पदवी लागत नाही.

यानंतर प्रश्न येतो आपल्या भागाचा. अभ्यास निर्दोष असला तरी ज्यांच्यावर तो झाला त्या स्त्रिया आपल्यासारख्या आहेत का, हे पाहावे लागते. पुण्याजवळच्या गावांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश गर्भवतींमध्ये ब-१२ कमी होते, तर फोलेटची कमतरता जवळजवळ नव्हती. ज्या मातांमध्ये फोलेट भरपूर आणि ब-१२ कमी होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्शुलिनला दाद न देण्याचे प्रमाण सर्वाधिक आढळले. हा निरीक्षणावर आधारलेला अभ्यास आहे, म्हणून विड्यांच्या उदाहरणात मी घेतलेला आक्षेप यालाही लागू होतो. तरीपण भाकरी, डाळ आणि शेंगाचटणीवर वाढलेल्या शाकाहारी घरांत ब-१२ तपासून घ्यावे का, हे डॉक्टरांना विचारण्याइतके वजन त्याला निश्चित आहे. युरोपातील अभ्यासात हा प्रश्न सहसा उद्भवतही नाही.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत गोळीऐवजी पालेभाज्या, फळे आणि दूध घातलेला खाऊ गर्भधारणेच्या आधीपासून देण्याचा प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. सर्वांचा हिशेब धरला तर बाळांच्या वजनातील सरासरी फरक अवघा २६ ग्रॅम होता आणि तो योगायोगानेही येऊ शकतो. ज्यांनी किमान तीन महिने आधी सुरुवात केली त्यांच्यापुरते पाहिले तर ४८ ग्रॅम. जाहिरातदार दुसरा आकडा उचलेल. मी पहिल्याला अधिक मानते, कारण चिठ्ठ्या टाकल्याने मिळालेला समतोल सर्वांना धरल्यावरच पूर्ण टिकतो. त्या अभ्यासात मला सर्वांत अस्वस्थ करणारी बाब अशी की मुळात अतिशय हडकुळ्या असलेल्या मातांच्या बाळांना लाभ दिसलाच नाही.

कॅल्शियमबाबत मात्र अलीकडे आपल्याला थेट उपयोगी पडेल असे उत्तर मिळाले आहे. बंगळूर आणि टांझानिया येथे प्रत्येकी ११,००० पहिलटकरणींवर झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिवसाला ५०० मिलिग्रॅम आणि १,५०० मिलिग्रॅम यांची तुलना झाली. बंगळुरात प्री-एक्लाम्प्सियाचे प्रमाण अनुक्रमे ३.० आणि ३.६ टक्के होते, म्हणजे कमी मात्रा सरस नसली तरी उणीही ठरली नाही. कॅल्शियम मुळीच न घेणारा गट या चाचणीत नव्हता, हे ध्यानात ठेवूनच तिचा अर्थ लावावा. आपल्याकडे सरकारी कार्यक्रमातून लोह ६० मिलिग्रॅम आणि फॉलिक ॲसिड ५०० मायक्रोग्रॅम असलेली लाल गोळी गरोदरपणात १८० दिवस मोफत दिली जाते आणि कॅल्शियमची गोळी तिच्यासोबत न घेता वेगळ्या वेळी घेण्यास सांगितले जाते. दिसायला साध्या असलेल्या या पट्टीमागचे संशोधन चकचकीत डब्यांमागच्या संशोधनापेक्षा कितीतरी अधिक वेळा तपासले गेले आहे.

भाचीचा अलीकडचा प्रश्न डीएचएचा, म्हणजे माशांच्या तेलात असणाऱ्या ओमेगा-३ या स्निग्धाम्लांपैकी एकाचा, होता: ‘बाळाचा मेंदू तल्लख होतो’ असे डब्यावर लिहिलेले. ऑस्ट्रेलियात २,३९९ स्त्रियांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दीड वर्षांच्या मुलांच्या आकलनात व भाषेत फरक आढळला नाही. त्याच चाचणीत ३४ आठवड्यांपूर्वीची बाळंतपणे मात्र कमी दिसली होती. ती दुय्यम बाब असल्याने संशोधकांनी तिच्यावर दावा न करता ५,००० हून अधिक स्त्रियांची नवी चाचणी खास त्यासाठी उभारली आणि २०१९ मध्ये तिथे फरक दिसला नाही, हे प्रामाणिकपणे छापले. दरम्यान २०१८ च्या कॉक्रेन परीक्षणात ७० चाचण्या मिळून ३७ आठवड्यांपूर्वीच्या प्रसूती काहीशा कमी झालेल्या दिसतात, त्यामुळे वेळेआधीच्या प्रसूतीचा मुद्दा अजून मिटलेला नाही, आणि ज्यांच्या रक्तात ओमेगा-३ कमी आहे त्यांनाच लाभ होतो का, याचा शोध चालू आहे. बुद्धीच्या दाव्यासाठी मात्र आपल्याला ऑस्ट्रेलियापर्यंतही जावे लागत नाही. बेळगावात सुमारे साडेनऊशे गर्भवतींना दिवसाला ४०० मिलिग्रॅम डीएचए किंवा त्यासारखी दिसणारी गोळी बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत देण्यात आली, आणि वर्षाच्या बाळांची विकासचाचणी घेतली तेव्हा दोन्ही गटांतील मुलांचे गुण सारखेच निघाले. मी भाचीला हे सर्व कळवले, आणि डबा घ्यायचाच असेल तर डॉक्टरांना ‘मेंदूसाठी’ असे न विचारता ‘माझी वेळेआधी बाळंत होण्याची शक्यता किती’ असे विचार, असे सुचवले.